कोरा ठसा

१

दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी घातली, की साधना मुनेश्वर मधल्या खोलीतल्या टेबलाशी येऊन बसायची. हिवाळ्यात पांढरकवड्याचं उतरतं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आडवं येऊन त्या टेबलावर पडतं, आणि तिला हवं असायचं ते नेमकं हेच आडवं ऊन. ट्यूबलाइटखाली कागद नुसता कागद दिसतो. उजेड बाजूनं आला की त्यावरचा केसाएवढा उंचवटाही सावली टाकतो, आणि सावली पडली की छपाईची चूक लपत नाही.

हे तिला नवऱ्यानं शिकवलं होतं. संघदीप एसटीत कंडक्टर होता. दिवसभर तिकिटं फाडायची आणि घरी येऊन पुन्हा तिकिटंच पाहत बसायचं, असं ती त्याला चिडवायची. राळेगावच्या फेरीवर लोक त्याला जुन्या पेट्यांतली, दुकानांच्या माळ्यांवरची टपालाची पाकिटं आणून देत. त्याला वरून तिकीट चिकटवलेली पाकिटं नको असत. ज्यांच्यावर सरकारनंच तिकीट छापून दिलंय, कोपऱ्यात रंगीत लंबगोल आणि त्यात इंग्रज राजाचं मुंडकं कागदातून उठून आलंय, तशी हवी असत. त्यातही चुकलेली. कुठं ठसा दोनदा पडलेला, कुठं उलटा, कुठं रंग एकीकडे आणि मुंडकं भलतीकडे.

सगळ्यांत दुर्मीळ चूक म्हणजे कोरा ठसा. छापखान्यात कधीतरी दोन कागद एकावर एक सरकून यंत्रात जात. वरचा कागद शाई घेई, खालच्याच्या वाट्याला नुसता दाब येई. असं पाकीट हातात घेतलं तर कोरं वाटतं. उन्हात तिरपं धरलं, की कोपऱ्यातून एक बिनरंगाचं डोकं हळूहळू वर येतं.

लग्नापासून ती त्याच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसत आली होती. तो पाकिटं पाही, ती त्याला पाही. त्यामुळे तिच्या मनात त्याचा चेहरा होता तो एका बाजूचा: खाली झुकलेली मान, मधोमध उंचवटा असलेलं नाक, आणि वरून आत दुमडलेला उजवा कान. घरात फोटो होते, पण सगळे समोरून काढलेले. ओळखपत्राचे, लग्नाचे, भिंतीवर हार घातलेला एक. त्यातल्या एकातही तो कान नव्हता.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत संघदीप गेला. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात. बांधून आणलेलं काहीतरी तिला लांबून दाखवलं, आणि गाडी निघाली. चेहरा कुणाचाच दाखवत नव्हते. नियम तसा होता. तिनं कुणाला दोष दिला नाही, भांडली नाही. फक्त तेव्हापासून तिला वाटत आलं होतं, की तो गेला ही बातमी तिला कुणीतरी दुसऱ्यानं सांगितलेली आहे.

त्याची खुर्ची तिनं तशीच ठेवली होती. ती अजूनही उजवीकडच्या आपल्याच खुर्चीत बसायची.

२

पूनमसिंग राठोड म्हणजे संघदीपच्या गाडीचा ड्रायव्हर. दोघांनी एका गाडीवर अर्धी नोकरी काढली होती, आणि पाकिटांचा नाद पूनमसिंगला त्याच्याकडूनच लागला होता. आता तो रिटायर झाला होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी तो सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन आला.

"जयभीम वहिनी. पाहा, काय आणलं तुमच्यासाठी."

"जयभीम. बसा भाऊजी, चहा ठेवते."

"फुलसावंगीले साळ्यानं जुनं दुकान पाडलं. माळ्यावर हा गठ्ठा भेटला. सारी न वापरलेली पाकिटं हायेत, राजाच्या टायमाची. मले त आता चष्म्यातूनही काई उमजत नाही. तुमी पाहून द्या, चुकीचं काई हाय का त्याच्यात."

"सावकाश पाहीन मंग."

"सावकाशच पाहा. मले कोणती घाई हाय."

चहा पिताना त्याची नजर एकदा रिकाम्या खुर्चीवर गेली आणि परत कपात आली.

दुपारी तिनं सुतळी सोडली. वरची पाकिटं सरळ होती. हिरवट लंबगोल, त्यात पांढरं मुंडकं, डोक्यावर मुकुट, राजा डावीकडे पाहणारा. पाकीट उचलायचं, उन्हात तिरपं करायचं, अंगठा फिरवायचा, बाजूला ठेवायचं. बाहेर एसटीच्या डेपोत गाडी मागे घेताना कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. गठ्ठ्याच्या मध्यावर पोचल्यावर हातात एक कोरं पाकीट आलं.

आपल्या छातीत धडधडतंय हे जाणवून तिला हसू आलं. संघदीपला उभ्या जन्मात दोनच कोरे ठसे मिळाले होते. तिनं पाकीट उन्हात धरलं आणि हळूहळू तिरपं केलं.

डोकं वर आलं. त्यावर मुकुट नव्हता.

आणि ते उजवीकडे पाहत होतं. बारीक कापलेले केस, झुकलेली मान, मधोमध उंचवटा असलेलं नाक. कान वरून आत दुमडलेला.

बराच वेळ ती पाकीट तसंच धरून बसली. मग तिनं ते खाली ठेवलं, स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि परत येऊन पाहिलं. कान तसाच होता.

३

साधना घाबरट बाई नव्हती. आयुष्यभर तिनं अंगात येणं, उतारे, भानामती असल्या गोष्टींना दारात उभं केलं नव्हतं. तिनं विचार केला, जुना कागद दमट माळ्यावर राहिला की फुगतो. फुगवटा कसाही येतो. ढगात माणसाला हत्ती दिसतो, तसं आपल्याला दिसतंय. ज्याची आठवण येते तेच डोळा हुडकतो.

तिनं मोबाइलवर फोटो काढला. फोटोत नुसता कागद आला. पोरं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तसा पातळ कागद ठेवून तिनं शिसपेन्सिल घासून पाहिली. लंबगोलाची कड तेवढी उमटली, आत काही नाही. मग तिनं डोळे मिटून अंगठा फिरवला. अंगठ्याला कपाळ लागलं, नाकाचा उंचवटा लागला, कानाची दुमड लागली. त्या दुमडीवरून तिचा अंगठा कितीदा फिरला होता, झोपलेल्या संघदीपच्या, न जागवता. अंगठ्याला ती जागा विचारावी लागली नाही.

ती रडली. खूप दिवसांनी, आणि त्यात सुखही होतं.

गठ्ठ्यात खाली आणखी कोरी पाकिटं होती. दुसऱ्या पाकिटावर तेच डोकं होतं, फक्त नाकाची रेघ काठावरून थोडी आत सरकली होती. तिसऱ्यावर पलीकडच्या भुवईचं टोक दिसू लागलं होतं. कुणी हाक मारल्यावर माणूस वळून पाहू लागतो, तसं ते डोकं पाकिटागणिक तिच्याकडे वळत होतं.

तेव्हाच केव्हातरी तिला आवाज जाणवला. बुडबुड. थोडं थांबून पुन्हा बुडबुड. भांड्यात पाणी उकळायला लागायच्या आधी होतो तसा, पण एका लयीत. तिनं माठ पाहिला. मोरीतला नळ घट्ट केला. शेजारच्यांची मोटर बंद होती. खोलीच्या दारातून आत आलं की आवाज वाढे, टेबलाजवळ आलं की आणखी. तिनं पाकिटं गठ्ठ्यात घालून सुतळी आवळली आणि आवाज थांबला.

उरलेली पाकिटं तिनं त्या दिवशी पाहिली नाहीत. ऊन उतरलं आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. ऊन अजून टेबलावरच होतं.

४

दुसऱ्या दिवशी पूनमसिंगला बोलावून घेऊन तिनं तिसरं पाकीट त्याच्या हातात दिलं. कोण आहे, काय आहे, काही सांगितलं नाही.

"डोयानं नाही दिसत, तर हातानं पाहा भाऊजी."

"कोरा ठसा दिसते हा," पूनमसिंग खुशीत म्हणाला आणि त्यानं अंगठा फिरवायला सुरुवात केली. "राजाचं मुंडकं. मुकुट... मुकुट काहून लागत नाही? घासला गेला असन."

त्याचा अंगठा नाकावरून खाली आला आणि थांबला. मग त्यानं पाकीट अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसं, टेबलावर ठेवलं, उठून मोरीत गेला आणि हात धुतले. बराच वेळ धुतले.

"काय लागलं?" तिनं विचारलं.

"वहिनी, हा गठ्ठा मले परत द्या."

"काय लागलं ते त सांगा."

"कोण हाय मले माहीत नाही. मी नाव घेत नाही." तो टॉवेलला हात पुसत राहिला. "पण त्याचं तोंड उघडं हाय. आन् तिथी कागद ओला लागला."

साधनानं पाकीट उचलून पाहिलं. कागद कोरडा होता.

"उद्या घेऊन जा," ती म्हणाली. "आज राहू द्या."

"कायले राहू देता?"

"भाऊजी, त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी तुमी माह्यासंगं उभे होते. तुमीही नाही पाह्यलं, मीही नाही पाह्यलं. मंग कायले म्हणून काय विचारता?"

पूनमसिंग उठला. जाताना दारात तो थबकला. "मले जे माणूस आठवते वहिनी, ते गाडीत घंटी मारणारं हाय. मले तेवढंच राहू द्या," तो म्हणाला. "उद्या चार वाजता येतो."

५

संध्याकाळी उर्वशीचा फोन आला. उर्वशी ही तिची एकुलती मुलगी, नागपूरला एका दवाखान्यात नर्स. रोजचं बोलणं झालं: जेवलीस का, गोळी घेतलीस का, इकडे राहायला कधी येतेस.

"तुले पप्पाचा कान आठवते का?" साधनानं मधेच विचारलं.

"कान?"

"उजवा. वरून दुमडेल होता."

"नाही गं मम्मी. मला ते समोरूनच आठवतात आता. फोटोतल्यासारखे. कधी कधी वाटतं मला फोटोच आठवतो, ते नाही." मग तिचा आवाज बदलला. "मम्मी, तुझ्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग कुणाला ऑक्सिजन लावलाय?"

फोन कानाला लावून बोलता बोलता साधना मधल्या खोलीत आली होती, आणि टेबलावर बाहेर राहिलेल्या एका पाकिटासमोर उभी होती.

"नळाचं पाणी हाय वं," ती म्हणाली.

"तो नळ नाही. मी रोज ऐकते तो आवाज. बाटलीतल्या पाण्यातून ऑक्सिजन जातो तेव्हा तसं वाजतं." उर्वशीचं बोलणं आता अगदी बारीक झालं होतं. "पप्पांच्या शेवटच्या फोनमध्ये मागं तेच वाजत होतं. ते काहीतरी बोलत होते आणि त्या आवाजात ऐकू आलं नाही. मम्मी, तू त्या खोलीतून बाहेर ये."

साधनानं दिवा न लावता दार ओढून घेतलं. त्या शेवटच्या फोनची आठवण तिलाही झाली होती, कालच. फक्त ती तिनं मनात वर येऊ दिली नव्हती.

"उद्या पहिल्या गाडीनं येते मी," उर्वशी म्हणाली.

"ये," साधना म्हणाली.

६

पहिल्या गाडीनं यायला उर्वशीला सुट्टी मिळाली नाही; ती दुपारच्या गाडीत बसली होती आणि वाटेतून फोन करत होती. तो फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर वाजत राहिला. साधना टेबलाशी बसली होती. ऊन आलं होतं. हवेत जिनिंगच्या कारखान्याकडून उडून आलेलं कापसाचं एक पीस तरंगत होतं, आणि बुडबुड आता लपून येत नव्हती.

तिनं कोरी पाकिटं एकेक करून टेबलावर मांडली. डोकं वळत गेलं. पलीकडची भुवई आली, गाल आला. गालावर एक आडवी खाच होती. तिला आधी कागदाची घडी वाटली. मग नाकाच्या उंचवट्यावर तसाच दाब दिसला आणि तिला कळलं, की हा मास्कच्या इलॅस्टिकचा वळ आहे. गाल बसलेले होते. ओठ सुकून मागे गेले होते. इथवर ती ओळखीच्या चेहऱ्याच्या मागानं आली होती. आता समोर येत होता तो चेहरा तिनं कधी पाहिलेलाच नव्हता. तिला दाखवला नव्हता तो.

शेवटचं पाकीट तिनं पालथं ठेवलं आणि ती थांबली. आता थांबता येईल, तिला वाटलं. पूनमसिंग येईल, गठ्ठा नेईल. मग आपल्याकडे तो कान राहील, ती झुकलेली मान राहील, आणि ते पुरेसं आहे. त्यावर जगलेली माणसं आहेत. तिनं उठायला म्हणून टेबलावर हात टेकला. पण एवढी वर्षं ज्या गोष्टीची भूक होती ती पालथी समोर पडली होती. तिनं पाकीट उलटलं.

पूर्ण चेहरा समोरून होता. दोन्ही डोळे उघडे.

ती घाबरली. आणि त्या भीतीच्या आतूनच तिला आठवलं, की जाणाऱ्याचे डोळे कुणीतरी मिटायचे असतात. तिच्या आईचे मावशीनं मिटले होते. संघदीपचे कुणी मिटले असतील? मिटले तरी असतील का?

तिनं उजव्या हाताची दोन बोटं त्या डोळ्यांवर ठेवली आणि हलकेच खाली ओढली.

पापण्या बोटांना लागल्या. कागदाच्या नव्हत्या त्या. गरम होत्या, ओलसर होत्या, आणि मिटत नव्हत्या. तिनं पुन्हा बोटं फिरवली. बोटांखाली त्या वर जायला धडपडत होत्या. आडव्या हातावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, श्वास लागत होता.

तिनं हात ओढून घेतला असता. पण मग तिला त्या डोळ्यांचं एक लक्षात आलं. ते डोळे तिला भिववायला बघत नव्हते. ते हुडकत होते. आधी तिच्या हनुवटीशी गेले, मग केसांशी, मग परत आले. बसच्या गर्दीत कुणी आपलं माणूस शोधावं तसे.

त्यानं तरी तिला कुठं पाहिलं होतं. छताकडे तोंड करून, आजूबाजूला सगळी गुंडाळलेली माणसं, कुणाचाच चेहरा नाही. तो तसाच गेला होता. एवढ्या पाकिटांतून तो वळत आला होता तो दिसायला नव्हे. पाहायला.

साधनानं बोटं काढून घेतली. पदरानं तोंड पुसलं, कपाळावरचे केस मागे सारले, खुर्ची टेबलाला आणखी जवळ ओढली आणि उन्हात पुढे झुकली.

"पाहा," ती हळूच म्हणाली. "पाहून घ्या. मी इथीच हाय."

बाहेर मोटारसायकल येऊन थांबली. फाटक वाजलं. "वहिनी," पूनमसिंगनं हाक मारली. थोड्या वेळानं दारावर थाप पडली. "वहिनी, मी आलो हाय, गठ्ठा नेयाले." मग खिडकीशी त्याची सावली आली आणि टेबलावरचं ऊन त्या सावलीखाली गेलं. ऊन गेलं की ठसा मावळायला हवा होता. तो मावळला नाही. खिडकीच्या गजांशी पूनमसिंगचा श्वास अडखळला आणि त्याची हाक अर्ध्यावर राहिली.

"वहिनी, इकडे पाहा," तो कसाबसा म्हणाला. "माह्याकडे पाहा. मान वळवा."

साधनानं मान वळवली नाही. वळवली असती, तर संघदीपला तिचा चेहरा एकाच बाजूनं दिसला असता.